सीटी स्कॅनमधून चांगली त्रिकोणी मेश कशी काढायची: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

हिंजवडी-बाणेरच्या सीएई (संगणकावर भागांच्या ताकदीचा हिशोब करणाऱ्या) ऑफिसांत नव्याने लागलेली मुलं कॅड मॉडेलवर मेश, म्हणजे त्रिकोणांचं जाळं, बनवायला लवकर शिकतात. तिथे प्रत्येक पृष्ठभाग नेमका ठाऊक असतो, मेशिंगचं सॉफ्टवेअर त्यावर हवे तसे त्रिकोण बसवतं. गाडी अडते ती कॅडऐवजी स्कॅन हातात आला की. समजा भोसरीतल्या एखाद्या फाउंड्रीचं ॲल्युमिनियमचं कास्टिंग सीटी मशीनमध्ये ठेवलं आणि आतल्या पोकळ्यांसकट त्याच्या ताकदीचा हिशोब करायचा आहे. सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबलं की पडद्यावर छान गुळगुळीत भाग दिसतो. तोच सॉल्व्हरला (हिशोब सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिला की एररची रांग लागते, कारण त्या भागात हजारो त्रिकोण सुईसारखे बारीक असतात.

अशा वेळी बहुतेक जण लगेच स्मूदिंगचा फिल्टर लावतात आणि सुटलो म्हणतात. माझा आग्रह वेगळा आहे. त्रिकोण बिघडण्याची बरीचशी कारणं मेश जन्माला येण्याआधीच्या टप्प्यांत असतात. तिथे थोडं लक्ष दिलं तर शेवटची दुरुस्ती हलकी होते, आणि मुख्य म्हणजे मूळ वस्तूचा आकार शाबूत राहतो.

आयसोसरफेस म्हणजे नेमकं काय

सिंहगडाच्या नकाशावर १२०० मीटरची समोच्च रेषा आठवा. त्या रेषेवरच्या प्रत्येक ठिकाणाची उंची सारखी. आयसोसरफेस म्हणजे हीच गोष्ट एक मिती वाढवून: उंचीच्या जागी स्कॅनमधलं करडं मूल्य, आणि रेषेच्या जागी पृष्ठभाग. स्कॅनचा डेटा म्हणजे व्हॉक्सेलांचा, म्हणजे घनासारख्या पिक्सेलांचा, त्रिमित ग्रिड; यालाच पुढे व्हॉल्यूम म्हटलं आहे. त्यात 'मूल्य इतकं' असा थ्रेशोल्ड ठरवला की त्या मूल्याचा पृष्ठभाग त्रिकोणांनी काढता येतो.

ते काढण्याची सगळ्यांत रुळलेली पद्धत म्हणजे मार्चिंग क्यूब्ज. लॉरेन्सन आणि क्लाइन या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी ती १९८७ साली मांडली. ग्रिडमधल्या शेजारच्या आठ बिंदूंचा एक घन धरायचा. प्रत्येक कोपरा थ्रेशोल्डच्या वर की खाली, हे पाहायचं. आठ कोपऱ्यांच्या २५६ शक्यता होतात, सममिती धरली तर मूळ लेखाप्रमाणे त्या १५ वर येतात. कोणत्या शक्यतेत त्रिकोण कसे जोडायचे याचं कोष्टक आधीच तयार असतं. ज्या कडेचं एक टोक वर आणि दुसरं खाली, त्या कडेवर पृष्ठभाग कुठे छेदतो ते साध्या प्रमाणाने काढायचं. बस, एवढंच. पद्धत सोपी, वेगवान आणि भरवशाची आहे. पण त्रिकोणाचा आकार कसा येईल याचा विचार त्यात कुठेच नाही.

वाईट त्रिकोण येतो कुठून

हे एकदा हाताने करून पाहा, कागद-पेन्सिल घेऊन. व्हॉक्सेल ०.५ मिमीचा. थ्रेशोल्ड १०००. एका कोपऱ्याचं मूल्य १०१०, म्हणजे तो जेमतेम आत. क्ष आणि य दिशेच्या शेजाऱ्यांची मूल्यं ५१०, आणि झ दिशेच्या शेजाऱ्याचं ९९९.

क्ष दिशेच्या कडेवर पृष्ठभाग कुठे येईल? मूल्य १०१० वरून ५१० वर येतं, म्हणजे ५०० ने घसरतं. आपल्याला त्यातली १० ची घसरण हवी. १० भागिले ५०० म्हणजे ०.०२. कडेच्या फक्त दोन टक्के अंतरावर, ०.०१ मिमीवर. य दिशेलाही तसंच. झ दिशेला मात्र एकूण घसरण ११ ची, त्यातली १० हवी, म्हणजे कडेच्या ९१ टक्के अंतरावर, सुमारे ०.४५ मिमीवर. आता हे तीन बिंदू जोडा. दोन बाजू ०.४५ मिमीच्या आणि तिसरी ०.०१४ मिमीची. टोकाचा कोन १.८ अंश.

या उदाहरणात नॉइज (मूल्यांतली यादृच्छिक गडबड) कुठेच नाही, हे नीट लक्षात घ्या. डेटा अगदी स्वच्छ आहे, पृष्ठभाग सरळ आहे, फक्त तो झ अक्षाला जवळपास समांतर आहे आणि ग्रिडच्या बिंदूला अगदी खेटून जातो. म्हणजे उत्तम मशीनवर उत्तम स्कॅन केला तरी असे त्रिकोण येणारच. पृष्ठभाग ग्रिडच्या बिंदूजवळून गेला की छेदनबिंदू कोपऱ्याशी गोळा होतात, आणि त्यातून एक तर अगदी चिमुकले किंवा अगदी बारीक त्रिकोण तयार होतात. नॉइज, चुकीचं स्पेसिंग (व्हॉक्सेलांमधलं अंतर), कमी बिट यांची भर त्यावर पडते.

यानं बिघडतं काय? नुसतं पाहायचं असेल तर फारसं काही नाही. शेडिंगसाठी नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) व्हॉल्यूमच्या ग्रेडियंटवरून (मूल्य कुठल्या दिशेला किती झपाट्याने बदलतं त्यावरून) काढले तर असे त्रिकोण डोळ्याला दिसतही नाहीत. थ्रीडी प्रिंटिंगलाही पृष्ठभाग बंद असला की बहुधा चालतं. खरी अडचण सिम्युलेशनला. फार लहान कोनांमुळे समीकरणांचा संच सोडवायला अवघड होतो, १८० अंशांच्या जवळच्या कोनांमुळे उत्तराची अचूकताच घसरते. क्रॅशसारख्या एक्स्प्लिसिट, म्हणजे वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या, हिशोबात तर वेळेची पायरी सगळ्यांत लहान एलिमेंट (मेशचा एकेक तुकडा) ठरवतो: ध्वनीला तो ओलांडायला जितका वेळ लागतो, त्याहून पायरी मोठी चालत नाही. ॲल्युमिनियममधून ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो. ०.५ मिमी लांबीला पायरी ढोबळमानाने एका मायक्रोसेकंदाचा दहावा भाग येते, आपल्या ०.०१४ मिमीच्या बाजूने ती सुमारे ३५ पटींनी खाली खेचली जाते. लाखो एलिमेंटांपैकी अशा एकामुळे दिवसभराचं काम महिन्यावर जाऊ शकतं.

पायरी १: आधी मोजायला शिका

'मेश चांगली दिसते' हे कुठल्याही रिव्ह्यूमध्ये चालणारं वाक्य नाही. आकडा हवा. प्रत्येक त्रिकोणाचा लहानात लहान कोन हा सगळ्यांत समजायला सोपा आकडा आहे. दुसरा उपयोगी आकडा असा: क्षेत्रफळाला ४√३ ने गुणायचं आणि तिन्ही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. समभुज त्रिकोणाला उत्तर १ येतं, चपट्या झालेल्याला ०. वरच्या आपल्या त्रिकोणाला ते ०.०५ येतं. पॅराव्ह्यू या सॉफ्टवेअरमधला मेश क्वालिटी फिल्टर किंवा पायथनमधली पायव्हिस्टा लायब्ररी असे आकडे काढून देतात. सरासरीवर समाधान मानू नका, हिस्टोग्राम काढा आणि डावीकडची शेपटी पाहा. सॉल्व्हर अडतो तो त्या शेपटीवर.

याच्या जोडीला तीन गोष्टी पहिल्या मेशवरच लिहून ठेवा: एकूण घनफळ, एकूण क्षेत्रफळ, आणि सुट्या तुकड्यांची संख्या. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हे आकडे पुन्हा काढायचे आहेत. कोन सुधारले आणि घनफळ तीन टक्क्यांनी घटलं, तर तुम्ही वेगळ्याच वस्तूची मेश बनवली आहे.

पायरी २: स्पेसिंग तपासा

स्कॅन उघडला की पहिला प्रश्न: व्हॉक्सेल तिन्ही दिशांना सारखा आहे का? औद्योगिक मायक्रो-सीटीत बहुधा असतो. वैद्यकीय सीटीत बहुधा नसतो: स्लाइसच्या आत पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि दोन स्लाइसमध्ये एक, दोन, कधी पाच मिलिमीटर अंतर. अशा ग्रिडवर मार्चिंग क्यूब्ज चालवलं की घनाऐवजी लांबट विटा मिळतात आणि त्रिकोणही त्याच दिशेने ताणले जातात. उपाय मेशवर शोधू नका. व्हॉल्यूमच आधी समान स्पेसिंगवर रीसँपल करा (मधली मूल्यं अंदाजाने काढून नवा ग्रिड बनवा), शक्यतो क्यूबिक इंटरपोलेशनने. पाच मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये जी माहिती आलीच नाही ती यातून निर्माण होत नाही, पण त्रिकोण ताणलेले राहत नाहीत.

इथे दोन खाचखळगे आहेत. पायथनमध्ये व्हॉल्यूम ॲरेच्या रूपात आला की त्याचा क्रम झ, य, क्ष असा असतो. स्कॅन वाचणारी सिंपलआयटीके लायब्ररी स्पेसिंग देते ते क्ष, य, झ या क्रमाने. सायकिट-इमेज या लायब्ररीतल्या मार्चिंग क्यूब्जला स्पेसिंग देताना तो उलटा करून द्यावा लागतो. कवटी दाबल्यासारखी चपटी दिसली तर सगळ्यांत आधी इथे पाहा. दुसरं, डायकॉम (वैद्यकीय स्कॅनच्या) फाइलमधली स्लाइसची जाडी आणि दोन स्लाइसमधलं अंतर या वेगळ्या गोष्टी आहेत. स्लाइस एकमेकांवर चढलेल्या असू शकतात. अंतर नेहमी लागोपाठच्या दोन स्लाइसच्या स्थानांवरून काढा.

सरावासाठी डेटा हवा असेल तर थ्रीडी स्लायसर या स्कॅन पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सँपल डेटा नावाचं मॉड्यूल आहे, त्यात छातीचा सीटी आहे, मेंदूचा एमआरआय आहे. घरातल्या कुणाच्या सीटीची सीडी वापरणार असाल तर डायकॉमच्या हेडरमध्ये पेशंटचं नाव आणि जन्मतारीख असते, ती पुसल्याशिवाय फाइल कुणालाही पाठवू नका.

आकाराचा अंदाजही घ्या. ५१२ × ५१२ × ५१२ चा १६ बिटांचा व्हॉल्यूम २६८ एमबी होतो. साध्या लॅपटॉपवर हे काम होतं. जागा वाचवायला १६ बिटांचे ८ बिट करू नका. २५६ पायऱ्यांत सगळी मूल्यं कोंबली की पृष्ठभागावर गच्च्यांसारखे टप्पे पडतात आणि ते पुढे कुठल्याही फिल्टरने नीट जात नाहीत.

पायरी ३: थ्रेशोल्ड विचारपूर्वक निवडा

कास्टिंगच्या स्कॅनचा हिस्टोग्राम काढला की दोन टेकाडं दिसतात, एक हवेचं आणि एक धातूचं. दोघांच्या शिखरांचा मध्य हा सुरुवातीचा चांगला थ्रेशोल्ड; औद्योगिक सीटीत याला आयएसओ-५० म्हणतात. या मूल्याच्या आसपास करडं मूल्य सर्वांत झपाट्याने बदलतं, त्यामुळे नॉइजने पृष्ठभाग फार हलत नाही. थ्रेशोल्ड एका टेकाडाच्या पायथ्याशी नेला की पृष्ठभागावर पुरळ उठतं. जाड धातूत बीम हार्डनिंगमुळे (कमी ऊर्जेचे किरण आधीच शोषले गेल्यामुळे) मधला भाग कडेपेक्षा काळा येतो. मग एकच थ्रेशोल्ड सगळीकडे बसत नाही आणि स्कॅनची दुरुस्ती आधी करून घ्यावी लागते.

डेटा पूर्णांकात असेल तर एक छोटी युक्ती: थ्रेशोल्ड १००० ऐवजी १०००.५ ठेवा. पूर्णांक थ्रेशोल्ड एखाद्या व्हॉक्सेलच्या मूल्याइतकाच निघाला की छेदनबिंदू थेट कोपऱ्यावर बसतो, दोन-तीन शिरोबिंदू एकाच जागी येतात आणि शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण तयार होतात. अर्ध्याने सरकवलं की हे थांबतं. आकारावर परिणाम जाणवण्याइतकाही होत नाही.

आपल्याकडच्या दगडाचं उदाहरण इथे फार शिकवून जातं. वाघोलीच्या खाणींतला बेसाल्ट खनिजं जमवणाऱ्यांत जगभर माहीत आहे, तिथल्या निळ्या कॅव्हनसाइटमुळे. दख्खनच्या या बेसाल्टमध्ये वायूचे बुडबुडे थिजून राहिलेल्या पोकळ्या असतात, त्यातल्या काही रिकाम्या, काही झिओलाइटने भरलेल्या. असा तुकडा मायक्रो-सीटीत घातला तर हवा काळी, बेसाल्ट उजळ, आणि झिओलाइट मधल्या करड्या रंगाचं दिसतं, कारण त्याची घनता बेसाल्टपेक्षा बरीच कमी. आता झिओलाइटचा आयसोसरफेस काढायला मधलं मूल्य निवडलं तर काय होईल? रिकाम्या पोकळीच्या भिंतीवरचे व्हॉक्सेल अर्धे हवेत, अर्धे दगडात असतात. त्यांचं सरासरी मूल्यही मधलंच येतं. परिणामी प्रत्येक रिकाम्या पोकळीभोवती झिओलाइटचं खोटं कवच उगवतं, कागदाइतकं पातळ आणि वाईट त्रिकोणांनी गच्च भरलेलं. तीन किंवा जास्त पदार्थ असतील तिथे म्हणून एका थ्रेशोल्डवर विसंबायचं नाही. आधी सेगमेंटेशन करून प्रत्येक पदार्थाला लेबल द्यायचं आणि मग सीमा काढायच्या.

पायरी ४: व्हॉल्यूम गाळा, पण जपून

नॉइज असेल तर तो व्हॉल्यूममध्येच कमी करा. ३ × ३ × ३ चा मीडियन फिल्टर ठिपके घालवतो आणि कडा बऱ्यापैकी राखतो. १९९० मधली पेरोना-मलिकची ॲनआयसोट्रॉपिक डिफ्यूजन पद्धत कडा ओळखून त्यांच्या आतल्या बाजूलाच गुळगुळीत करते; वेळ जास्त लागतो, पण कास्टिंगसाठी मला ती आवडते.

गॉसियन ब्लर सगळ्यांत हाताशी असतो, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही त्यानेच होतं. किती होतं याचा हिशोब सोपा आहे. सिग्मा रुंदीचा ब्लर दिला की आर त्रिज्येच्या गोलाचा पृष्ठभाग केंद्राकडे सुमारे सिग्माचा वर्ग भागिले आर इतका सरकतो. त्रिज्या १० व्हॉक्सेल आणि सिग्मा १ असेल तर सरकणं ०.१ व्हॉक्सेल, दुर्लक्ष करण्याजोगं. त्रिज्या २ व्हॉक्सेलची पोकळी असेल तर मात्र अर्ध्या व्हॉक्सेलहून जास्त, म्हणजे निम्म्याहून अधिक घनफळ गायब. कास्टिंगमधल्या ज्या बारीक पोकळ्यांसाठी एवढा खटाटोप केला, त्याच आक्रसून गेल्या. म्हणून ब्लर देण्याआधी तुमच्या कामाची सर्वांत लहान गोष्ट किती व्हॉक्सेलची आहे ते मोजा आणि मग सिग्मा ठरवा.

सेगमेंटेशनचा मास्क, म्हणजे नुसते ० आणि १, मार्चिंग क्यूब्जला कधीच थेट देऊ नका. ० आणि १ च्या मध्ये छेदनबिंदू नेहमी कडेच्या बरोबर मध्यावरच येतो. सगळा पृष्ठभाग जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा होतो. मूळ करडा डेटा हाताशी असेल तर मास्कचा उपयोग फक्त नको तो भाग कापायला करा: मास्क दोन व्हॉक्सेलने फुगवा, त्याबाहेरची मूल्यं हवेची करा, आणि पृष्ठभाग करड्या मूल्यांवरूनच काढा. करडा डेटा नसेलच तर मास्कचं साइन्ड डिस्टन्स फील्ड बनवा (प्रत्येक बिंदूचं सीमेपासूनचं अंतर, आत आणि बाहेर वेगळ्या चिन्हाचं), त्यावर हलका ब्लर द्या आणि ० चा पृष्ठभाग काढा.

मेश ढोबळच हवी असेल तर व्हॉल्यूम ब्लर करून मोठ्या स्पेसिंगवर आणा आणि मग काढा. आधी पन्नास लाख त्रिकोण काढून नंतर ते कमी करत बसण्यापेक्षा हे स्वच्छ काम आहे. एकाआड एक व्हॉक्सेल नुसते गाळणं मात्र टाळा, त्याने बारीक भाग तुटक होतात.

पायरी ५: पृष्ठभाग काढताना

काढण्याआधी व्हॉल्यूमभोवती हवेच्या मूल्याचा एक थर चढवा. वस्तू स्कॅनच्या चौकटीला टेकलेली असेल तर त्याशिवाय मेश तिथे उघडी राहते.

मूळ मार्चिंग क्यूब्जमध्ये एक उणीव होती. घनाच्या एका चौकोनी पृष्ठावर कर्णाने समोरासमोरचे दोन कोपरे आत आणि दोन बाहेर असतील तर जोडणी दोन प्रकारांनी होऊ शकते. शेजारच्या दोन घनांनी वेगवेगळी निवड केली की मध्ये भोक पडतं. यावर नंतर बरंच काम झालं: १९९१ मध्ये निल्सन आणि हामान यांनी निर्णयाची पद्धत दिली, १९९५ मध्ये चेर्न्याएव यांनी ३३ शक्यतांचं कोष्टक मांडलं, आणि २००३ मध्ये ल्युइनर व सहकाऱ्यांनी त्याची वापरता येईल अशी अंमलबजावणी केली. सायकिट-इमेजमध्ये आज हीच ल्युइनरची पद्धत न सांगता वापरली जाते. तिला शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण काढून टाकायलाही सांगता येतं; तसं जरूर सांगा, कारण न सांगितल्यास ती ते ठेवते.

काम मोठं असेल तर व्हीटीके लायब्ररीमधलं फ्लाइंग एजेस वापरा, ते अनेक कोअरवर एकाच वेळी चालतं. त्रिकोण मार्चिंग क्यूब्जसारखेच येतात, फक्त लवकर.

त्रिकोण मुळातच बरे हवेत तर पद्धत बदलावी लागते. सरफेस नेट्समध्ये (१९९८, गिब्सन) शिरोबिंदू घनाच्या कडेवर नसतो, घनाच्या आत असतो, प्रत्येक छेदलेल्या घनाला एक. त्यामुळे कोपऱ्याशी बिंदू गोळा होण्याची आपली मूळ अडचणच बरीच कमी होते. ड्युअल काँटूरिंग (२००२) याच घराण्यातलं, पण ते ग्रेडियंट वापरून धारदार कडाही टिकवतं. मशीन केलेल्या भागांना ते शोभतं. दोन्हींत काही ठिकाणी दोनपेक्षा जास्त त्रिकोण एकाच कडेला चिकटण्याची शक्यता असते, ती तपासून घ्यावी लागते.

मार्चिंग क्यूब्जच ठेवून कोपऱ्याजवळचे छेदनबिंदू सरळ ग्रिडच्या बिंदूवर चिकटवणं हाही एक मार्ग आहे. २००८ मधल्या रामन आणि वेंगर यांच्या स्नॅपएमसी पद्धतीचं तत्त्व हेच. आपल्या उदाहरणात ०.०२ वरचे दोन्ही बिंदू कोपऱ्यावर गेले की तो बारीक त्रिकोण एक रेषा होऊन गळून पडतो आणि शेजारचे त्रिकोण ती जागा भरून काढतात.

पायरी ६: स्मूदिंग, अगदी थोडं

साधं लाप्लासियन स्मूदिंग प्रत्येक शिरोबिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतं. दहा-वीस फेऱ्यांत पातळ भाग झिजतात, पोकळ्या मिटतात. त्याऐवजी टॉबिनची १९९५ ची पद्धत घ्या. तिच्यात एक पाऊल आत आणि त्याहून किंचित मोठं पाऊल बाहेर, असं आळीपाळीने चालतं. मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये ते ०.५ आणि उणे ०.५३ असं दिसेल. लहान खडबडीतपणा जातो, मोठा आकार राहतो. दहा फेऱ्यांनी सुरुवात करा. थ्रीडी स्लायसर दाखवताना मेश स्वतःहून गुळगुळीत करतो, हेही ध्यानात ठेवा. तिथून निर्यात केलेली मेश कच्ची आहे असं समजून पुन्हा स्मूदिंग करू नका.

पायरी ७: रीमेशिंग

कोन खऱ्या अर्थाने सुधारतात ते इथे. बॉट्श आणि कोबेल्ट यांची २००४ ची आयसोट्रॉपिक रीमेशिंगची (त्याच पृष्ठभागावर सारख्या आकाराचे त्रिकोण नव्याने बसवण्याची) पद्धत मेशलॅबमध्ये आणि पायथनमधल्या पायमेशलॅबमध्ये तयार मिळते. आधी कडेची हवी ती लांबी ठरवायची, तिला एल म्हणू. मग चार कामं फिरून फिरून: एलच्या ४/३ पटीहून लांब कडा मध्यावर तोडा, ४/५ पटीहून आखूड कडा मिटवा, प्रत्येक शिरोबिंदूला सहाच्या जवळपास कडा येतील अशा कडा उलटवा, आणि शिरोबिंदू पृष्ठभागावरच सरकवून शेजाऱ्यांच्या मध्यावर आणा.

४/३ आणि ४/५ हे आकडे कुठून आले ते समजलं की पद्धतीवर विश्वास बसतो. ४/३ एलची कड तोडली की २/३ एलचे दोन तुकडे होतात. तोडण्याआधीही एलपासूनचं अंतर १/३ आणि नंतरही १/३. त्याहून लांब कड तोडली तर फायदा, आखूड तोडली तर तोटा. कड मिटवताना शेजारची कड साधारण दीडपट होते असं धरलं की याच हिशोबाने ४/५ येतो.

एल किती घ्यावी? एक ते दीड व्हॉक्सेलपासून सुरुवात करा. पातळ भिंत असेल तिथे एल भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर दोन बाजूंचे त्रिकोण एकमेकांत घुसतात. धारदार कडा जपायच्या असतील तर फीचर अँगलचा (किती अंशांहून तीव्र वळण धार मानायचं याचा) पर्याय चालू ठेवा, ३० अंशांपासून बघा. पाच ते दहा फेऱ्या पुरतात.

त्रिकोणांची संख्या कमी करायला बरेच जण क्वाड्रिक डेसिमेशन वापरतात, गारलँड आणि हेकबर्ट यांची १९९७ ची पद्धत. पाहण्यासाठी ती सुरेख आहे. पण सपाट भागावर ती लांबच लांब त्रिकोण सोडते, कारण तिला फक्त आकार राखायचा असतो. सिम्युलेशनला द्यायची मेश असेल तर डेसिमेशनवर थांबू नका, त्यानंतर रीमेशिंग कराच.

पायरी ८: मेश पुन्हा डेटावर बसवा

ही पायरी अनेक जण गाळतात आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. स्मूदिंग आणि रीमेशिंगमध्ये शिरोबिंदू खऱ्या आयसोसरफेसवरून थोडे ढळतात. खरा पृष्ठभाग मात्र व्हॉल्यूममध्ये अजून आहेच. प्रत्येक शिरोबिंदूवर आजूबाजूच्या आठ व्हॉक्सेलांवरून मूल्य आणि ग्रेडियंट काढा. मूल्यातून थ्रेशोल्ड वजा करा, ग्रेडियंटच्या लांबीच्या वर्गाने भागा, ग्रेडियंटने गुणा, आणि शिरोबिंदू तितका मागे सरकवा. दोन-तीन वेळा केलं की तो पृष्ठभागावर बसतो. कुठलंही एक पाऊल अर्ध्या व्हॉक्सेलपेक्षा मोठं होऊ देऊ नका. जिथे ग्रेडियंट शून्याजवळ असतो तिथे बिंदू भलतीकडे उडतात. व्हॉल्यूम गाळला असेल तर गाळलेलाच वापरा, कच्चा वापरलात तर घालवलेला नॉइज मेशवर परत येईल.

यानंतर कोन किंचित बिघडतात. रीमेशिंगची एक-दोन फेरी, पुन्हा बसवणं, असं आलटून पालटून केलं की दोन्ही जमतं.

मग पहिल्या पायरीतले आकडे पुन्हा काढा. मी माझ्यापुरता निकष असा धरतो: लहानात लहान कोन २० अंशांच्या वर, बहुतेक त्रिकोण ३० च्या वर, मूळ मेशपासून सर्वांत जास्त अंतर अर्ध्या व्हॉक्सेलच्या आत, ते मेशलॅबच्या हाउसडॉर्फ डिस्टन्स फिल्टरने मोजता येतं. तुकड्यांची संख्या बदलली असेल तर एखादी पोकळी मिटली किंवा दोन जोडल्या गेल्या, ती कुठली ते शोधा. बंद मेशमध्ये शिरोबिंदूंच्या संख्येतून त्रिकोणांची निम्मी संख्या वजा केली की भोकं नसलेल्या प्रत्येक तुकड्यामागे २ यायला हवेत. आरपार भोकामागे त्यातून २ कमी होतात. हे एका ओळीत तपासता येतं आणि टोपॉलॉजी, म्हणजे तुकड्यांची आणि भोकांची रचना, बिघडली असेल तर बहुतेक वेळा लगेच कळतं.

पहिला सराव कशावर करावा

थेट कास्टिंगवर नको. ६४ × ६४ × ६४ च्या ग्रिडमध्ये संगणकानेच गोल तयार करा, त्रिज्या २० व्हॉक्सेल, प्रत्येक बिंदूचं मूल्य म्हणजे २० वजा केंद्रापासूनचं अंतर. थ्रेशोल्ड ०. केंद्र ग्रिडच्या बिंदूवर ठेवू नका, तिन्ही दिशांना थोडं वेगवेगळं सरकवा, नाहीतर अक्षांवर छेदनबिंदू थेट कोपऱ्यांवर पडतील. घनफळ ३३,५१० घन व्हॉक्सेल आणि क्षेत्रफळ ५,०२७ चौरस व्हॉक्सेल यायला हवं. सपाट त्रिकोणांमुळे किंचित कमी येईल, ते ठीक. मार्चिंग क्यूब्जच्या कच्च्या मेशचा कोनांचा हिस्टोग्राम काढा, मग टॉबिन, मग रीमेशिंग, मग पुन्हा बसवणं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही आकडे वहीत. मुद्दाम लाप्लासियनच्या शंभर फेऱ्याही देऊन घनफळ कसं ओसरतं ते पाहा. त्यानंतर मूल्यांत थोडा नॉइज मिसळा, एका दिशेचं स्पेसिंग तिप्पट करा, आणि सगळं परत चालवा. एका दुपारचं काम आहे, आणि खरा स्कॅन समोर आला की बिघाड कुठल्या पायरीतला हे हिस्टोग्रामवरून ओळखू येऊ लागतं.

मेश साठवताना पीएलवाय फॉरमॅट वापरा. एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण आपले तीन शिरोबिंदू स्वतंत्रपणे लिहितो, त्यामुळे उघडताना ते पुन्हा जोडावे लागतात, आणि त्या जोडणीची मर्यादा मोठी ठेवली तर पातळ भिंतींच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात. एसटीएलमध्ये एककही लिहिलेलं नसतं. समोरच्याने एसटीएलच मागितली तर फाइलच्या नावातच मिमी लिहा, आणि सोबतच्या मेलमध्ये व्हॉक्सेलचा आकार, थ्रेशोल्ड, सिग्मा आणि एल हे चार आकडे द्या.